टमी टकनंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घरी काय काय करायचं

आम्हाला कळलं ते पैंजणामुळं. ताईच्या उजव्या पायातलं पैंजण नेहमीसारखं खुळखुळत होतं आणि डाव्या पायातलं मात्र घोट्याच्या वर रुतून बसलेलं, काढायला गेले तर आकडाच हाताला लागेना, खाली कातडीवर साखळीचा लाल वळ. टमी टकचा, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करायच्या ऑपरेशनचा, नववा दिवस, त्यात संक्रांत, साताऱ्यात आमच्या घरी हळदीकुंकवाला बायकांची ये-जा चालू, आणि ताई दुपारपासून खुर्चीत पाय खाली सोडून बसलेली, कारण झोपलेलं बघितलं की लोक विचारतात काय झालं. मी म्हटलं ऑपरेशन झालंय, सूज यायचीच. पण सूज एकाच पायाला कशी काय, हे माझ्या डोक्यात यायला अजून चार तास गेले. रात्री डॉपलर केला, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, पोटरीतल्या आतल्या शिरेत गुठळी. वर सरकली नव्हती, वेळेत सापडली, तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर निभावलं.

त्या तीन महिन्यांत मी डॉक्टर, सिस्टर, फिजिओ सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेच इथं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पेशंटची धाकटी बहीण आहे, घरचं सगळं बघायची जबाबदारी माझ्यावर होती. त्यामुळं औषध कुठलं, किती, किती दिवस हे तुमच्या सर्जननीच ठरवायचं, मी सांगतेय ते त्यांनी लिहून दिलेलं घरात निभवायचं कसं एवढंच.

आधी एक गोष्ट. टमी टक केलंय हे आपल्याकडं कोणी सांगत नाही. आम्हीपण गल्लीत हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगा, पण घरातल्या एका शहाण्या माणसाला आणि गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना खरं सांगून ठेवा, कुठलं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, किती तास चाललं, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. ऑपरेशन पुण्यात, पेशंट साताऱ्यात आणि रात्री साडेनऊला इथल्या डॉक्टरांना आपण "हर्निया झालाय" म्हणून सांगतोय, असं नको व्हायला. आम्ही पहिल्या दोन मिनिटांत तेच केलं, मग ताईनंच मला गप्प करून खरं सांगितलं.

आता हे होतं कशानं ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायला पोटरीचा स्नायू कामाला येतो, आपण पाऊल टाकलं की तो आवळतो आणि शीर पिळून रक्त वर ढकलतो, चाललोच नाही तर रक्त तिथंच रेंगाळतं. त्यात ऑपरेशन झालं की शरीराला वाटतं मोठी जखम झालीय, मग ते रक्त गोठायची तयारी वाढवतं, ते जखमेसाठी चांगलंच असतं पण पायातल्या रेंगाळलेल्या रक्तालापण तेच लागू होतं. आणि टमी टकची तिसरी भानगड वेगळीच आहे. बाळंतपणात पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले असतात ते ओढून एकमेकांना शिवतात, म्हणजे पोटाची पिशवी आतून घट्ट होते, वरून पट्टा बांधतात, आणि टाक्यांवर ताण नको म्हणून पेशंट कमरेत वाकून, अर्धवट बसल्यासारखं झोपतो. पोटात दाब वाढला की पायाकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरांवर दाब येतो. म्हणून सुंदर दिसण्यासाठी करतात त्या नेहमीच्या ऑपरेशनांमध्ये गुठळीची भीती याच ऑपरेशनला जास्त असते. पोट दुखतंय म्हणून माणूस हलत नाही, हे आणखी वर.

पायातली गुठळी पायातच राहिली तर दुखणं आणि सूज. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. फुप्फुसात सापडणारी गुठळी पायातून वाहत येते हे रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरांनी १८४० च्या दशकातच दाखवलं होतं, तरी आपल्याकडं अजून "पाय सुजलाय ना, तेल लाव जरा" यावरच गाडी अडलेली आहे. त्याच्यावर पुढं बोलते.

ऑपरेशनच्या आधी

तारीख ठरवायच्या आधी डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा खरी उत्तरं द्या. गुठळीचा धोका किती ते बघायला कॅप्रिनी स्कोअर म्हणून एक हिशोब असतो, त्यात एकेक गोष्टीला गुण आहेत. वय ४१ ते ६० असेल तर १, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २५ च्या वर असेल तर १, पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर १, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर १, पाऊण तासापेक्षा मोठं ऑपरेशन असेल तर २, आणि आधी स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला गुठळी झालेली असेल तर त्याला ३. ताईचं वय ४३, वजन थोडं जास्त, शाळेत वीस वर्षं उभं राहून शिकवल्यामुळं पोटरीवर शिरा, आणि ऑपरेशन चार तासांचं, म्हणजे ५ झालेच. एवढे गुण झाले की पाय आवळून धरणाऱ्या नुसत्या मोज्यांवर भागत नाही, बहुतेक डॉक्टर रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा विचार करतात. तिनं शिरांचं सांगितलंच नव्हतं, त्यात काय सांगायचं म्हणे, साडीत कुठं दिसतंय.

घरात कुणाला "अचानक छातीत कळ येऊन गेले" असं झालं असेल तर तेही सांगा, नेमकं काय झालं होतं ते आत्याला, काकीला विचारून ठेवा. तीन-चारदा गर्भपात झालेला असेल तर सांगा, त्यामागंही कधी कधी रक्त गोठायचा दोष असतो. बाळंतपण नुकतंच झालं असेल तर घाई करू नका. आणि एकाच भुलीत टमी टक, लायपो म्हणजे चरबी ओढून काढणं आणि गर्भपिशवी सगळंच उरकून घेऊ असा हिशोब करणारे असतात, पैसे वाचतील पण ऑपरेशनचे तास वाढतात आणि तासांबरोबर धोका वाढतो.

गोळ्यांचं नीट ऐका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर बहुतेक वेळा ऑपरेशनच्या चार-एक आठवडे आधी बंद करायला सांगतात, पण स्वतःच्या मनानं नाही, विचारून आणि दुसरी काहीतरी सोय करून. आणि एक गोळी बायका गोळीत धरतच नाहीत, ती म्हणजे पाळी पुढं ढकलायची. गौरी-गणपती आले, लग्न आलं, पूजा आली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पत्ता आणायचा आणि दिवसातून तीन गोळ्या खायच्या. ताईनं संक्रांतीत अडचण नको म्हणून हेच केलं होतं, ऑपरेशननंतर चौथ्या दिवसापासून, मलापण पत्ता नव्हता. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, एवढ्या मोठ्या डोसात घेतलं की त्यातलं थोडं शरीरात जाऊन इस्ट्रोजेन बनतं, आणि इस्ट्रोजेन गुठळीला मदत करतं. डॉपलर करणाऱ्या डॉक्टरांनी "दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का" असं तीनदा विचारल्यावर तिनं पर्समधून तो पत्ता काढला. त्या दिवशी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघायची मला सोय नव्हती.

मिश्रीपण सोडा. इथं सातारा-सांगलीकडं शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकासुद्धा सकाळी बोटावर मिश्री घेतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते ती तंबाखू नाही, दात घासायची वस्तू आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, पोटाच्या ताणलेल्या कातडीला रक्त कमी पोचतं, टाक्यांच्या कडा काळ्या पडतात, जखम लांबते आणि जखम लांबली की माणूस पडून राहतो. कमीत कमी महिनाभर आधी बंद, नंतरपण जखम भरेपर्यंत नाही.

पहिला दिवस

ऑपरेशन चालू असताना बहुतेक ठिकाणी पायाला हवा भरणाऱ्या पट्ट्या लावतात, त्या आलटून पालटून फुगतात आणि पोटरी दाबतात, तुमच्याकडं लावणार का हे आधीच विचारा, विचारण्यात काही गैर नाही. शुद्धीवर आलात की पहिलं काम घोटे हलवायचं. पंजा आपल्याकडं ओढायचा, मग गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखा खाली ढकलायचा, असं दहा-पंधरा वेळा, जागं असताना दर तासाला. यानं टाक्यावर जराही ताण येत नाही. आमच्या सिस्टरनी सोप्पी युक्ती सांगितली, फोन हातात घेतला की आधी घोटे, मग फोन. ताई दिवसात फोन किती वेळा उचलते ते मला माहीत असल्यामुळं मी निश्चिंत झाले.

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात. उठायची पद्धत शिकून घ्या, सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातानं गादी दाबत बसतं व्हायचं, पोट वापरायचंच नाही. बसल्यावर दोन मिनिटं थांबा, चक्कर येते. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळ्या गाऊनला पिन करून घ्या, नाहीतर बाटली लोंबकळत राहते आणि त्या भीतीनं माणूस पाऊल टाकत नाही. आणि चालताना वाकूनच चालायचं, खराटा मारल्यासारखं, पहिला आठवडाभर सरळ होऊ नका, त्यात काही बिघडत नाही. वाकून का होईना, चाला.

दुखणं अंगावर काढू नका, हे मी मुद्दाम सांगते. आपल्या बायकांना दुखणं सोसण्यात मोठेपणा वाटतो, पण दुखतंय म्हणून चालत नाही आणि चालत नाही म्हणून गुठळी, असं ते आहे. लिहून दिलेली वेदनेची गोळी वेळेवर घ्या, घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं चालायला उठा. फक्त रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर घरातल्या डब्यातली डायक्लो किंवा ब्रुफेन विचारल्याशिवाय घ्यायची नाही, रक्तस्राव वाढतो. तीन रंगीत चेंडूंचं फुंकायचं यंत्र दिलं असेल तर ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, मोठा श्वास आत घ्यायचा. ते छातीसाठी असतं, तेही करा.

पुण्याहून साताऱ्याला

पुणे-सातारा ११० किलोमीटर आहे, रिकामा रस्ता असला तर दोन-अडीच तास, शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात अडकलात तर तीन आणि चारसुद्धा. सांगलीला जाणाऱ्यांचं तर त्याच्या दुप्पट, २३० किलोमीटरच्या आसपास. ऑपरेशननंतर एवढा वेळ पाय खाली सोडून, पोट आवळून बसणं म्हणजे गुठळीला आमंत्रणच. शक्य असेल तर डिस्चार्जनंतर दोन-चार दिवस पुण्यातच कुणाकडं तरी राहा. निघायचंच असेल तर सकाळी लवकर, डॉक्टरांना विचारून, पुढच्या सीटवर, सीट मागं सरकवून आणि पाठ टेकती करून, मोजे घालून. दर तासाभरानं थांबायचं, शिरवळला एकदा, घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला एकदा, गाडीभोवती चार-पाच चकरा मारायच्या. आमचे भाऊजी म्हणाले, एकदाच सरळ जाऊ म्हणजे तिला त्रास कमी. त्रास कमी झाला पण आम्ही एकदाही थांबलो नाही, आणि पाणीसुद्धा दिलं नाही, वाटेत लघवी लागेल म्हणून.

पाण्याचं घरीपण हेच होतं. उठून संडासला जायला त्रास होतो म्हणून पेशंट पाणीच पीत नाही, मग रक्त घट्ट आणि बद्धकोष्ठ दोन्ही. लघवी फिकट पिवळी येईल एवढं पाणी प्या, ताक प्या, आणि उठावं लागतं हा तोटा नाही, त्या निमित्तानं चालणं होतं. संडासला जोर काढायचा नाही, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध चालू ठेवा. उकिडवं बसायचा संडास असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा, उकिडवं बसून उठायला जमत नाही.

घरी

खरी परीक्षा घरी असते. दवाखान्यात सिस्टर उठवतात, घरी सगळे झोपवतात. आमच्या आईचं एकच पालुपद, "उठू नको बाई, टाकं उसवतील." ताई उठायला लागली की आई पुढं येऊन पाणी हातात द्यायची, चार्जर आणून द्यायची, जेवणाचं ताट पलंगावर. माया होती, पण त्या मायेनंच तिला पलंगाला बांधलं. मी शेवटी फिजिओंना फोनवर आईशीच बोलायला लावलं, त्यांनी सांगितलं की आत्या, टाके चालण्यानं उसवत नाहीत, जड उचलल्यानं आणि खोकताना पोट न धरल्यानं त्रास होतो. खोकला-शिंक आली की उशी पोटाला धरा. पाण्याची भरलेली कळशी, लहान मूल, कुकर, चार-पाच किलोच्या वरचं काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. पण हॉल ते स्वयंपाकघर ते हॉल चालायचं.

किती चालायचं? एका दमात अर्धा तास नको. दिवसातून सहा-सात वेळा पाच-पाच मिनिटं, जागं असताना दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी नाही. आम्ही नंतर पाण्याची बाटली पलंगाजवळ ठेवायचीच बंद केली, तहान लागली की उठून स्वयंपाकघरात जायचं. दुसऱ्या आठवड्यापासून वाढवत न्यायचं. यवतेश्वरचा घाट चढायला जायचं नाही एवढ्यात, गच्ची पुरे.

बसणं हे झोपण्यापेक्षा वाईट, हे मला माहीतच नव्हतं. खुर्चीत बसलं की जांघेत घडी, पोटावर घडी आणि पाय खाली. बसायचं तर थोडा वेळ, पाय स्टुलावर, पाठ मागं टेकून. मांडी घालून अजिबात नाही. झोपताना पाठीमागं दोन-तीन उशा आणि गुडघ्याखाली मऊ उशी ठीक आहे, पोटावरचा ताण जातो, पण गुडघ्याच्या बरोबर मागं कडक लोड घालून तासन्‌तास ठेवू नका, तिथूनच मोठी शीर जाते. भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, कंदी पेढे घेऊन आलेल्या माणसाला दारातून कसं परत पाठवणार. आता मी सरळ म्हणते, "बसा, ती जरा चकरा मारतेय, चकरा मारत बोलेल." लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

पट्ट्याबद्दल. पोट सपाट दिसावं म्हणून पट्टा करकचून आवळायचा मोह होतो, घरच्यांनाही वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. त्या घट्टपणानं पोटातला दाब वाढतो आणि पायाच्या शिरा दबतात. पट्ट्यात दोन बोटं सरकली पाहिजेत, मोठा श्वास घेता आला पाहिजे, खालची कड जांघेत गुंडाळून दोरीसारखी व्हायला नको. पायाला मुंग्या आल्या किंवा पाय निळसर दिसला तर सैल करून डॉक्टरांना फोन.

मोज्यांचंही तसंच. दवाखान्यात देतात ते पांढरे मोजे मापाचेच पाहिजेत, घोटा, पोटरी आणि लांब मोजे असतील तर मांडी मोजून घेतात, तेही सकाळी सूज कमी असताना. घालताना हात आत घालून टाच पकडून उलटा करायचा, टाच बरोबर टाचेवर बसवायची आणि मग वर चढवत न्यायचं. पेशंटनं स्वतः वाकून घालायचे नाहीत, ते काम घरच्यांचं. एकही सुरकुती नको. ताईचा मोजा गुडघ्याखाली गुंडाळला जायचा आणि मी म्हणायचे राहू दे, नंतर वर करू, तो गुंडाळलेला भाग म्हणजे पायाला बांधलेली सुतळी. दिवसातून एकदा काढून पाय धुवा, टाचेला फोड वगैरे नाही ना बघा, परत घाला. आधी तेल लावू नका, चढत नाही. साखर खूप वर्षांची असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर मोजे विचारल्याशिवाय नकोत. आणि पैंजण, जोडवी, काळा दोरा सगळं महिनाभर कपाटात. संक्रांत असो नाहीतर काही.

इंजेक्शन

आमची खरी चूक इथं झाली. चिठ्ठीवर दहा दिवस लिहिलेलं होतं, इनॉक्सापॅरिन, म्हणजे ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन, रोज एक, आधीच भरलेली छोटी सिरिंज. मेडिकलमध्ये पाचच होती, म्हणाले बाकीची सोमवारी येतील. सोमवारी कोणी गेलंच नाही, कारण ताईला बरं वाटत होतं आणि टोचून टोचून मांडीवर निळे डाग पडले होते. बरं वाटणं आणि गुठळी न होणं याचा काही संबंध नाही. टमी टकनंतरच्या गुठळ्या बऱ्याचदा घरी आल्यावरच होतात, पहिल्या दोन आठवड्यांत भीती जास्त आणि महिनाभर तरी लक्ष ठेवायचं असतं. त्यामुळं सगळी इंजेक्शनं डिस्चार्जच्या दिवशीच पुण्यातून मोजून घ्या.

द्यायला शिका, अवघड नाही. एरवी हे पोटावर देतात, पण इथं पोटाची कातडीच उचलून शिवलेली असते, म्हणून कुठं द्यायचं ते सर्जनना विचारा, आमच्याकडं मांडीच्या बाहेरच्या बाजूला सांगितलं होतं. रोज पाय बदलायचा. सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा दिसतो, तो पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर काढायचा नसतो, बुडबुडा काढायच्या नादात औषध सांडतं. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, हळूहळू दाबायचं, काढल्यावर कापूस नुसता धरायचा, चोळायचं नाही, चोळलं की डाग मोठा होतो. वेळ रोज एकच, आम्ही रात्री आठ ठेवली, आईची मालिका सुरू झाली की इंजेक्शन. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, कचऱ्यात नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम देऊ नका, फोन करून विचारा.

रक्त पातळ होतंय म्हणजे रक्तस्रावावरपण लक्ष. ड्रेनमध्ये पातळ गुलाबी पाणी येत होतं आणि एकदम लालभडक रक्तानं बाटली भरली, पोट एका बाजूला फुगून टणक झालं, शी काळी झाली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं तर लगेच कळवा. आणि इंजेक्शन चालू असताना लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑइल, गावठी काढे हे सगळं बंद ठेवा किंवा विचारून घ्या. भाजीतला लसूण आणि हळद खा हो, सातारा-सांगलीकडं राहून हळद सोडा असं कोण सांगणार, मी डब्यातल्या कॅप्सूलचं बोलतेय. कुणीतरी सांगितलं म्हणून इंजेक्शनाऐवजी अ‍ॅस्पिरिन सुरू करायचं नाही.

रोज टेप घ्यायची

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार तास वाचले असते. शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या हाडाला एक उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनानं खूण करा आणि रोज सकाळी दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहा. दोन्ही पाय थोडे सारखेच सुजले तर ते बऱ्याचदा ऑपरेशनचं असतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर वाट बघायची नाही. ताईचा नंतर मोजला तेव्हा फरक चार होता. शिवाय एकाच पोटरीत दुखणं, गोळा आल्यासारखं वाटून न जाणं, तो भाग गरम लागणं, लालसर किंवा चमकदार दिसणं. कित्येकदा काहीच दिसत नाही हेपण खरं, म्हणून टेप बरोबर आली तरी इंजेक्शन आणि चालणं सोडायचं नाही.

शंका आली की चोळू नका. तेल नाही, बाम नाही, शेक नाही, कुणाला पाय चेपायला बसवू नका. आमच्या आईनं त्या संध्याकाळी निर्गुडीचं तेल गरम करायला ठेवलंच होतं, गॅस मी बंद केला, आणि तेवढं एक काम त्या दिवशी माझ्याकडून बरोबर झालं. चोळल्यानं गुठळी सुटू शकते. पेशंटला झोपवून सर्जनना फोन करा आणि त्याच दिवशी डॉपलर करून घ्या, उद्या नाही. साताऱ्यात, कऱ्हाडला होतो, आणि मिरज तर मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वानलेस साहेबांपासून दवाखान्यांचंच गाव, तिकडच्या लोकांना पुण्याला धावायची गरज नाही. लॅबवाला डी-डायमर ही रक्ताची तपासणी करा म्हणाला तर त्यावर समाधान मानू नका, ऑपरेशननंतर तो तसाही वाढलेलाच येतो, सोनोग्राफीच बघावी लागते.

आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ते गॅस नाही आणि घाबरल्यामुळंही नाही. सोडा-लिंबू देत बसू नका. १०८ लावा, किंवा गाडी दारात असेल तर आयसीयू असलेल्या जवळच्या दवाखान्यात, आणि दारातच सांगा, "पोटाचं ऑपरेशन झालंय, अमुक दिवस झालेत, गुठळीची शंका आहे." बाकी रांगेत उभं राहून केस पेपर काढायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं.

गुठळी निघालीच तर लगेच इंजेक्शन किंवा गोळ्या चालू करतात, रिव्हारोक्साबान किंवा अ‍ॅपिक्साबान अशा, सहसा कमीत कमी तीन महिने. ताईला पहिल्या आठवड्यातच चालायला सांगितलं, आईला ते पटायला वेळ लागला. गोळी संपायच्या चार दिवस आधी नवी आणायची, दात काढायचा असेल तरी दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. गर्भनिरोधक गोळी आणि ती पाळीची गोळी दोन्ही कायमच्या बंद, त्याऐवजी काय ते स्त्रीरोग डॉक्टरांनी बदलून दिलं. आणि पुढं कधीही कुठलंही ऑपरेशन निघालं, अगदी पित्ताशयाचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगायचं, कारण त्या कॅप्रिनीच्या हिशोबात आता तिचे ३ गुण आधीच जमा आहेत. ताईनं आधार कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी लिहून ठेवलीय, डावा पाय, पोटरीची शीर, जानेवारी, आणि गोळीचं नाव.